बदलापूर येते, पण थांबते का?

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर कल्याण सोडले की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके लागतात. गाडीच्या आतल्या बाजूला उभा असलेला प्रवासी दाराजवळच्याला विचारतो, "उल्हासनगर गेलं का?" थोड्या वेळाने कोणीतरी बॅग खांद्याला लावत म्हणते, "चला, बदलापूर आलं." गाव येते आणि गाव जाते. गाडीत बसलेल्या माणसाने स्वतःला स्थिर मानून केलेले हे वर्णन आहे, आणि त्यात कोणालाही काही चमत्कारिक वाटत नाही. पण "बदलापूर थांबलं" असे मात्र कोणी म्हणत नाही. थांबते ती गाडी, आणि सुटते तीही गाडीच. हा भेद आपण पदार्थविज्ञान शिकून केलेला नाही हे उघड आहे. तरीही जडत्वीय संदर्भचौकटींच्या समतुल्यतेचा सारा मुद्दा या दोन क्रियापदांच्या वापरात सापडतो. आमच्या मते वर्गात आणि विज्ञानप्रसाराच्या लेखांत तो नेमका इथेच हरवतो.

सापेक्ष गतीवरच्या सोप्या लेखांत एक किस्सा हमखास येतो. आगगाडीतून जाणारा एक विद्वान तिकीट तपासनिसाला विचारतो, "अमुक गाव या गाडीपाशी केव्हा थांबते हो?" विद्वान म्हणून बहुधा आइन्स्टाइनचे नाव घातलेले असते, किस्सा खरा असेलच असे नाही. लेखकाला यातून सांगायचे असते की गती ही सापेक्ष आहे. गाडी गावाकडे गेली म्हणा किंवा गाव गाडीकडे आले म्हणा, दोन्ही सारखेच. वाचक हसतो आणि पुढे जातो.

किस्सा म्हणून तो चांगला आहे. शिकवण म्हणून मात्र तो सदोष आहे, आणि दोष बारीक नाही. गाव "येते" का, असे विद्वानाने विचारले असते तर आमची काही तक्रार नव्हती. त्याने विचारले आहे ते "थांबते" का. बदलापूरला ब्रेक लागतात तेव्हा डब्यातली टांगती हँडले एकदम पुढे झुकतात, उभे प्रवासी एकमेकांवर रेलतात, वरच्या रॅकवरची एखादी गुळगुळीत पेटी सरकते. त्याच क्षणी बदलापूरच्या फलाटावर चहाच्या टपरीवरचा ग्लास जागचा हलत नाही, आणि फलाटावर उभे असलेले शेदोनशे लोक तोल जाऊन पडत नाहीत. गाव खरोखरच गाडीपाशी येऊन थांबले असते तर धक्का गावाला बसला पाहिजे होता. तो बसतो गाडीला. अभिजात यामिकीत, म्हणजे गॅलिलिओ आणि न्यूटन यांच्या पदार्थविज्ञानात, "गाडी एकसमान वेगाने जात आहे" आणि "गाव एकसमान वेगाने येत आहे" ही दोन विधाने समतुल्य आहेत. "गाडी थांबली" आणि "गाव थांबले" ही समतुल्य नाहीत. किस्सा सांगणारा पहिल्या समतुल्यतेच्या भांडवलावर दुसरी विकतो.

ही चूक इतकी सहज का होते? आमच्या मते याचे कारण असे, की सापेक्ष गती आपण जवळजवळ नेहमी खिडकीतून शिकवतो. झाडे मागे पळतात, विजेचे खांब मागे पळतात, शेजारची गाडी सुटली की आपलीच सुटल्यासारखे वाटते. ही उदाहरणे मुलांच्या अनुभवातली आहेत म्हणून शिक्षकांना प्रिय आहेत, आणि त्यात गैर काही नाही. पण त्यांच्यामागोमाग एक वाक्य येते, ते घात करते. "झाडे मागे जाताना दिसतात, पण ती खरोखर स्थिर असतात, हा केवळ भास आहे." हे वाक्य लिहिले की सापेक्षता संपलीच. मुलाने काय ऐकले? की एक खरी गती असते आणि एक भासमान गती असते. जमिनीवर उभा असलेला माणूस खरी गती पाहतो आणि गाडीतल्याला भास होतो. ज्या धड्याने जमिनीचे हे खास स्थान काढून घ्यायचे, तोच धडा ते पक्के करून बसतो.

हे केवळ आमचे तर्कट नव्हे. फ्रान्समध्ये साल्तिएल आणि मालग्रांज यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले, की शाळकरी मुलांपासून विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांपर्यंत बरेचजण वेग हा त्या वस्तूचा स्वतःचा गुण समजतात आणि "खरी" व "भासमान" गती अशी वाटणी करतात. आपल्याकडे मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातून पानसे, जयश्री रामदास आणि अरविंद कुमार यांचा संदर्भचौकटींविषयीच्या पर्यायी कल्पनांवरचा निबंध १९९४ साली प्रसिद्ध झाला. पदवीपर्यंत पदार्थविज्ञान शिकलेल्यांच्या मनातही काय काय घर करून असते ते त्यात पाहायला मिळते. त्यातली एक कल्पना आम्हांला विशेष महत्त्वाची वाटते. संदर्भचौकट म्हणजे एखादी प्रत्यक्ष वस्तू, आणि त्या वस्तूच्या हद्दीपुरतीच ती चौकट, अशी अनेकांची समजूत असते. गाडीची चौकट डब्याच्या पत्र्यापाशी संपते आणि बाहेर जमिनीची चौकट सुरू होते, असे ते मानतात. दोन्ही एकाच वेळी सर्वत्र पसरलेल्या आहेत, हे त्यांना पटत नाही. मानखुर्दचा हा निबंध शिक्षक प्रशिक्षणाच्या वर्गांत मूळ लेखांइतक्याच आस्थेने वाचला जायला हवा.

या विशिष्ट गैरसमजावर उल्हासनगर-बदलापूरकडच्या मुलांसाठी एक उत्तम उतारा आहे, आणि तो खिडकीतूनच मिळतो. कल्याण ते ठाणे या पट्ट्यात रुळांच्या अनेक जोड्या आहेत. बदलापूरहून निघालेली जलद लोकल कल्याणपुढे एखाद्या धिम्या लोकलला गाठते. धिमी नुकतीच सुटून वेग घेत असते. एक क्षण असा येतो की दोन्हींचा वेग तंतोतंत सारखा होतो, आणि समोरच्या खिडकीत पेपर वाचणारा माणूस आपल्यासमोर अगदी स्थिर बसलेला दिसतो. तो आपल्या डब्यात नाही, आपल्या गाडीतही नाही, तरी आपल्या चौकटीत तो त्या क्षणी स्थिर आहे. त्याच्या आणि आपल्यामधली खडी मात्र धावत आहे. चौकट पत्र्यापाशी संपत नाही हे मुलांना यातून दिसते. हे दृश्य फार टिकत नाही, पण शनिवारी मुलांना "बघून या" असे सांगितले तर सोमवारी वर्गात त्यावर वाद घालता येतो.

खिडकीचे उदाहरण आपल्याकडे फार जुने आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास 'आर्यभटीया'च्या गोलपादात नावेचा दृष्टान्त दिला. पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, त्याचप्रमाणे स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. पृथ्वी स्वतःभोवती फिरते या कल्पनेला हा दृष्टान्त चपखल आहे, आणि त्याचा आपल्याला अभिमान वाटतो तो योग्यच आहे. पण त्या अभिमानात एक गोष्ट आपण सांगायची टाळतो. या दृष्टान्ताने वाद जिंकला गेला नाही. वराहमिहिराने सहाव्या शतकात आक्षेप घेतला, की पृथ्वी फिरत असती तर आकाशात उडालेले पक्षी आपल्या घरट्यांकडे परत येऊ शकले नसते. पुढे आठव्या शतकातल्या लल्लानेही तोच धागा धरला आणि वर सोडलेल्या बाणाचे काय, असे विचारले. या आक्षेपांना खुळचट म्हणून बाजूला सारण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हांला तसे वाटत नाही. आक्षेप अव्वल दर्जाचा आहे. आपण अंबरनाथच्या अक्षांशावर हिशेब केला तर तिथली जमीन पूर्वेकडे सेकंदाला सुमारे ४४० मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ १५८० किलोमीटर वेगाने जात असते. शिवमंदिराच्या कळसावरून उडालेला कावळा दहा सेकंद हवेत राहिला तर मंदिर चार किलोमीटर पुढे निघून जायला हवे. जात नाही. का जात नाही?

"झाडे मागे पळताना दिसतात" या दृष्टान्तात या प्रश्नाचे उत्तर नाही. तो दृष्टान्त दिसण्याविषयी आहे आणि आक्षेप घडण्याविषयी. चौकट बदलली की वस्तूंचे दिसणे बदलते, हे सर्वांनाच मान्य होते. कळीचा प्रश्न असा होता, की चौकट बदलली तरी वस्तू ज्या नियमांनी पडतात, उडतात, आदळतात ते नियम बदलतात की नाही. याचे उत्तर मिळायला १६३२ साल उजाडावे लागले.

त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'दोन विश्वव्यवस्थांवरील संवाद' या ग्रंथात गॅलिलिओने जहाजाचे उदाहरण घेतले. शिक्षकांनी ते मुळाबरहुकूम वाचावे अशी आमची शिफारस आहे, कारण त्याने केलेली पहिली गोष्ट आपण कधीच करत नाही. आपण खिडकी उघडतो. गॅलिलिओ ती बंद करतो. तो वाचकाला मित्रासह जहाजाच्या पोटातल्या खोलीत कोंडतो. सोबत फुलपाखरे, पाण्याच्या भांड्यात मासे, थेंब थेंब गळणारी टांगलेली बाटली. जहाज उभे असताना सगळे पाहून घ्या, असे तो सांगतो; मग जहाज हव्या त्या वेगाने, पण हेलकावे न खाता चालू द्या. थेंब खालच्या भांड्यातच पडतात. फुलपाखरे मागच्या भिंतीला जाऊन चिकटत नाहीत. मित्राकडे फळ फेकायला पुढच्या दिशेला जास्त जोर लागत नाही. आत बसून जहाज चालू आहे की उभे आहे हे सांगताच येत नाही. कारण आतल्या प्रत्येक वस्तूला, हवेलासुद्धा, जहाजाची गती आधीपासूनच मिळालेली असते आणि ती टिकवायला काहीही लागत नाही. वराहमिहिराच्या पक्ष्यांचे उत्तर हे आहे. (गॅलिलिओच्या मनातली टिकणारी गती पृथ्वीच्या पृष्ठाला समांतर, म्हणजे खरे तर वर्तुळाकार होती, सरळ रेषेचे जडत्व नीट मांडले गेले ते देकार्त आणि न्यूटन यांच्या हातून. पण त्याचे मोठेपण याने उणे होत नाही.)

जहाज आपल्या मुलांनी पाहिलेले नसते. लोकल पाहिलेली असते. तेव्हा गॅलिलिओचा प्रयोग लोकलमध्ये करता येईल का? येतो, पण जागा आणि वेळ निवडावी लागते. कल्याण ते अंबरनाथ हा टप्पा निरुपयोगी आहे. स्थानके दोन-दोन किलोमीटरवर आहेत. गाडी वेग घेते न घेते तोच ब्रेक लागतात, शिवाय कल्याणहून निघताना कसाऱ्याचा मार्ग सोडून कर्जतकडे वळण आहे. अंबरनाथ ते बदलापूर अंतर त्यामानाने मोठे, सुमारे आठ किलोमीटर. त्यात वेग स्थिर राहिल्याचा एखाददुसरा मिनिट पदरात पडतो. गर्दीची वेळ अर्थातच नको. दुपारची, उलट दिशेची गाडी बरी.

साहित्य म्हणून एक जड नट आणि दोरा पुरे. नट सव्वा मीटर उंचीवरून सोडला की जमिनीवर पडायला अर्धा सेकंद लागतो. गाडी ताशी ५४ किलोमीटरने जात असेल तर तेवढ्यात ती साडेसात मीटर पुढे गेलेली असते. नट मात्र सोडणाऱ्याच्या पायापाशीच पडतो. मुलांना आधी अंदाज सांगायला लावावा. निम्मी मुले नट मागे पडेल असे म्हणतील, आणि ती मुले वराहमिहिराच्या पंगतीला बसलेली आहेत हे त्यांना सांगायला हरकत नाही. कागदाचा कपटा मात्र सोडू नये. साध्या लोकलची दारे उघडी असतात, बाहेरचा वारा आत येतो, आणि कपटा त्या वाऱ्याबरोबर जातो. इथे गॅलिलिओची "बंद खोली" ही अट किती विचारपूर्वक घातलेली आहे ते कळते. वातानुकूलित लोकलची दारे बंद असतात, तेव्हा त्यात कपटाही सरळ खाली येईल; तिकीट महाग आहे एवढेच.

आता तोच नट दोऱ्याला बांधून ओळंब्यासारखा धरावा. स्थिर वेगात दोरा सरळ खाली लोंबतो, वेग २० असो वा ८०. गाडी सुटताना तो मागे झुकतो, ब्रेक लागताना पुढे, वळणावर बाहेरच्या बाजूला. सुटताना गाडीचे त्वरण सेकंदागणिक अर्धा मीटर प्रतिसेकंद धरले तर दोरा सुमारे तीन अंश झुकेल. अर्ध्या मीटरच्या दोऱ्याचे टोक अडीच सेंटिमीटर सरकेल. मोजपट्टीने मोजता येईल एवढे ते आहे. त्याच वेळी सव्वा मीटरवरून सोडलेला नट सहा सेंटिमीटर मागे पडेल. म्हणजे बंद डब्यात बसून गाडीचा वेग किती हे कोणत्याही प्रयोगाने सांगता येत नाही, पण वेग बदलत असेल तर ते एक नट आणि दोरा घेऊन सांगता येते. "बदलापूर आलं" आणि "गाडी थांबली" या दोन वाक्यांतला फरक तो हाच.

इथे "आभासी बल" या शब्दाविषयी एक कुरबुर नोंदवतो. ब्रेक लागल्यावर पुढे तोंडघशी पडलेल्या प्रवाशाला "तुझ्यावरचे बल आभासी होते" असे सांगणे क्रूरपणाचे आहे, आणि मुलांना ते हास्यास्पद वाटते. शब्द बदलणे आता कठीण आहे. पण शिकवताना "खरे की खोटे" या भाषेऐवजी एक साधी कसोटी द्यावी: या बलाचा जोडीदार कोण? न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे प्रत्येक बल कोणीतरी कोणावर लावलेले असते. नट खाली ओढला जातो तो पृथ्वीकडून, आणि नटही पृथ्वीला ओढतो. गाडी सुटताना नट मागे जातो तेव्हा त्याला मागे कोण ओढते? शोधून सापडत नाही. जिथे असे बिनजोडीदाराचे बल मानावे लागते ती चौकट जडत्वीय नाही.

पाठ्यपुस्तकांतल्या व्याख्यांचा गोंधळही इथलाच आहे. "स्थिर किंवा एकसमान वेगाने जाणारी चौकट म्हणजे जडत्वीय चौकट", असे छापलेले असते. कशाच्या तुलनेत स्थिर? उत्तर नसते. दुसरीकडे, पहिला नियम म्हणजे दुसऱ्या नियमात बल शून्य घातले की मिळणारा निकाल, असेही लिहिलेले असते. मग न्यूटनने तो वेगळा का लिहिला, हे एखाद्या हुशार मुलीने विचारले तर शिक्षकाने काय सांगावे? आमच्या मते पहिला नियम असे सांगतो, की ज्यांत एकटी सोडलेली वस्तू सरळ रेषेत एकसमान वेगाने जाते अशा चौकटी अस्तित्वात आहेत. दुसरा नियम त्या चौकटी मिळाल्यानंतरच लिहिता येतो. अशी एक मिळाली की तिच्या तुलनेत एकसमान वेगाने जाणाऱ्या साऱ्याच मिळाल्या. न्यूटनने १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'त हे पाचवा उपसिद्धान्त म्हणून मांडले, जरी मनात निरपेक्ष अवकाशाची कल्पना त्याने सोडली नव्हती. "जडत्वीय चौकट" ही संज्ञा मात्र त्याची नाही. ती १८८५ साली लुडविग लांगे या जर्मन अभ्यासकाने रुळवली. दोनशे वर्षे नियम होते आणि ते कुठे लागू पडतात त्या जागेला नीट नाव नव्हते, ही गोष्ट अकरावीच्या मुलांना सांगण्यासारखी आहे.

समतुल्यता हे नुसते तत्त्वज्ञान नसून कामाचे हत्यार आहे, हे तर फार थोड्या ठिकाणी शिकवले जाते. क्रिस्तियान हायगेन्सने सतराव्या शतकात टकरींचे नियम शोधले ते याच हत्याराने. त्याची युक्ती आपण गोट्यांवर पाहू. दोन सारख्या गोट्या समोरासमोरून सारख्याच वेगाने येऊन आदळल्या तर त्याच वेगाने उलट फिरतील. हे सममितीवरून पटते. आता हीच टक्कर त्याच वेगाने जाणाऱ्या होडीत झाली असे समजा (हायगेन्स डच, त्यामुळे कालव्यातली होडी त्याच्या दारातलीच). काठावरच्या माणसाला काय दिसेल? एक गोटी दुप्पट वेगाने येते, दुसरी जागची स्थिर आहे. टकरीनंतर पहिली थांबते आणि दुसरी दुप्पट वेगाने निघते. स्थिर गोटीवर गोटी मारली की मारलेली जागीच थांबते हे गल्लीतल्या प्रत्येक मुलाला माहीत असते, पण ते कसे सिद्ध करायचे हे माहीत नसते. हायगेन्सने सिद्ध केले, आणि त्यासाठी कोणतेही नवे गृहीतक घेतले नाही. होडीतले आणि काठावरचे नियम एकच, एवढेच मानले.

दुसरे उदाहरण आपल्या मार्गावरचे, आणि ते जिवाशी गाठ घालणारे आहे. जागा मिळावी किंवा रिक्षाच्या रांगेत पुढे जाता यावे म्हणून गाडी पूर्ण थांबण्यापूर्वी उतरणारे, चढणारे लोक रोज दिसतात. आपले विद्यार्थीही त्यांत असतात. वेग ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला पाच मीटर धरा. प्रवासी ६० किलोग्रॅमचा. फलाटाच्या चौकटीत त्याची गतिज ऊर्जा ७५० ज्यूल. सव्वा मीटरवरून खाली पडलेल्या माणसाची असते तेवढी. फलाटावर घसरत थांबताना ती सगळी घर्षणात, खरचटण्यात, हाडांत जिरते. आता कोणी चतुर मुलगा म्हणेल, "सर, गाडीच्या चौकटीत तर माझी ऊर्जा शून्य आहे. मला कशाने लागेल?" हा प्रश्न टाळू नये. गाडीच्या चौकटीत मुलगा स्थिर आहे आणि फलाट त्याच्याकडे सेकंदाला पाच मीटरने धावत येतो आहे. (उतरण्याच्या त्या एका क्षणापुरता गाडीचा वेग स्थिर मानू.) पाय टेकताच फलाट घर्षणाने त्याला आपल्याबरोबर ओढू लागतो आणि शेवटी त्याला आपला वेग देतो, म्हणजे ७५० ज्यूल गतिज ऊर्जा देतो. पण ओढताना फलाटाने केलेले कार्य त्याच्या दुप्पट, १५०० ज्यूल भरते, कारण बल गुणिले वेळ हे मुलाला मिळालेल्या संवेगाइतके, आणि तेवढा वेळ फलाट पाच मीटर प्रतिसेकंदाने पुढे गेलेला असतो. पंधराशेतून साडेसातशे वजा करा. उरलेले ७५० ज्यूल कुठे गेले? घर्षणात, खरचटण्यात, हाडांत. ऊर्जेचे आकडे चौकटीगणिक वेगळे, इजा तीच. चौकट बदलून ती टळत नाही.

दहावीच्या वरच्या कोणत्याही वर्गात हा हिशेब फळ्यावर करता येतो. गतिज ऊर्जा ही वस्तूची एकटीची मालमत्ता नाही, हे त्याने जितके चांगले कळते तितके कोणत्याही व्याख्येने कळत नाही.

आता आइन्स्टाइनकडे वळू, कारण किस्सा त्याच्या नावावर आहे. त्याने विशिष्ट आणि व्यापक सापेक्षतावादावर सामान्य वाचकांसाठी लिहिलेले छोटे पुस्तक १९१७ साली आले. त्यात आगगाडीच्या खिडकीतून दगड सोडण्याचे उदाहरण आहे. गाडीतल्याला दगड सरळ रेषेत पडताना दिसतो, रुळांशेजारच्या माणसाला तो परवलयात पडताना दिसतो. हवेचा विरोध नाही असे मानले आहे. खिडकी इथेही उघडी आहे. पण आइन्स्टाइन विचारतो ते असे, की दगडाचा "खरा" मार्ग कोणता? आणि उत्तर देतो, की चौकट सांगितल्याखेरीज या प्रश्नाला अर्थ नाही. झाडे "भासतात" असे लिहिणाऱ्या आपल्या पुस्तकांत आणि या उताऱ्यात एवढेच अंतर आहे, पण ते अंतर फार आहे. पुढे त्याच पुस्तकात ब्रेक लागून धक्का बसणाऱ्या डब्याचा प्रश्नही तो स्वतःहून काढतो. गाव थांबते का, हे त्याने हसण्यावारी नेलेले नाही. व्यापक सापेक्षतावादात डब्यातला माणूस स्वतःला स्थिर मानू शकतो, पण मग त्याला ब्रेक लागल्याच्या काळात एक गुरुत्वीय क्षेत्र मानावे लागते. म्हणजे तिथेही "सारखेच" हा शब्द फुकट मिळत नाही.

हँडले कशाच्या तुलनेत झुकतात, हा प्रश्न उरतोच. न्यूटन म्हणाला, निरपेक्ष अवकाशाच्या. माख म्हणाला, विश्वातल्या उरलेल्या साऱ्या द्रव्याच्या. फ्रेड हॉइल आणि आपले जयंत नारळीकर यांनी १९६४ साली मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त माखची ही कल्पना गणितात बसवण्यासाठीच होता. नारळीकरांच्या पुढाकाराने पुण्यात उभ्या राहिलेल्या आयुकाच्या आवारात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन असे चार पुतळे आहेत. या लेखातली निम्मी मंडळी तिथे एकत्र भेटतात. त्याच संस्थेत फूकोचा लंबकही आहे, आणि सहल नेणाऱ्या शिक्षकांनी पुतळ्यांपाशी फोटो काढून झाल्यावर त्याच्यापाशी अर्धा तास थांबावे.

कारण आतापर्यंत आपण जमिनीला जडत्वीय मानले, ते अंदाजानेच. अंबरनाथ-बदलापूरच्या अक्षांशावर पृथ्वीच्या फिरण्यामुळे जमिनीचे त्वरण सेकंदागणिक ०.०३२ मीटर प्रतिसेकंद इतके आहे, सुटणाऱ्या लोकलच्या पंधरा-सोळाव्या हिश्शाएवढे. लोकलमधल्या नटाला ते जाणवत नाही. पण लंबकाला जाणवते. फूकोने १८५१ साली पॅरिसमध्ये दाखवलेला प्रयोग अंबरनाथच्या एखाद्या शाळेत जिन्याच्या पोकळीत केला, तर लंबकाच्या झोक्याची दिशा वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे तासाला सुमारे पाच अंश सरकेल. पूर्ण फेरीला सुमारे ७३ तास लागतील. ध्रुवावर हीच फेरी एका दिवसात होते, विषुववृत्तावर होतच नाही. पाच मीटरची तार, चार-पाच किलोग्रॅमचा गोळा आणि अर्धा मीटर झोका घेतला तर अर्ध्या तासात झोक्याचे टोक दोन सेंटिमीटरांहून थोडे अधिक सरकायला हवे. अडचण येते ती सोडताना. हाताने सोडलेला गोळा हमखास लंबवर्तुळात फिरू लागतो आणि सारे बिघडते. म्हणून गोळा बाजूला ओढून सुती दोऱ्याने भिंतीतल्या खिळ्याला बांधावा, तो पूर्ण निश्चल होईपर्यंत थांबावे, पंखे बंद करावेत, आणि मग मेणबत्तीने दोरा जाळावा.